एका खांबाची कमान

माझी बायको अडीच वर्षं महापौर होती. हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडं आदरानं बघतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे कारभार तुम्हीच बघत असाल?" मी नाही म्हणतो. माझ्याबद्दलचा त्याचा आदर तिथंच संपतो.

शहराचं नाव लिहीत नाही. माझं गाव नायगाव तालुक्यातलं, तिचं माहेर निलंग्याकडचं, म्हणजे एक नांदेड जिल्ह्यात आणि एक लातूर जिल्ह्यात. संसार या दोहोंपैकी एका जिल्ह्याच्या शहरात झाला. कमानी, कोनशिला आणि शुभेच्छांचे फलक दोन्हीकडं सारखेच, तेव्हा दोन्ही शहरांनी ही गोष्ट आपापली समजायला माझी हरकत नाही.

मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. तिचं भाजी मंडईच्या तोंडाशी ब्लाऊज शिवायचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर, दोन मशिनी, एक आरसा आणि मागच्या बोळात एक संडास. तिच्या राजकारणाची सुरुवात त्या संडासापासून झाली. पुढं सत्काराच्या भाषणांत लोकांनी तिच्या 'समाजसेवेच्या बाळकडू'विषयी बरंच काही सांगितलं, पण मी जवळचा साक्षीदार आहे.

मंडईत बसणाऱ्या बायका खेड्यांतून पहिल्या एसटीनं यायच्या आणि दिवेलागणीला परत जायच्या. पुरुषांना मंडईची मागची भिंत होती. बायकांना काहीच नव्हतं. त्यामुळे त्या पाणीच प्यायच्या नाहीत. आमच्याकडच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, पाण्याचा घोट न घेता त्या कोथिंबिरीवर मात्र दर घटकेला पाणी शिंपडत बसायच्या. अगदीच राहवेना तेव्हा एखादी दुकानाच्या पायरीशी येऊन म्हणायची, "ताई, जरा मागं जाऊन येऊ का?" बायकोनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. हळूहळू शिवायला टाकणाऱ्या बायका कमी आणि मागं जाणाऱ्या जास्त असं व्हायला लागलं. एक दिवस घरमालकानं बोळाच्या दाराला कुलूप घातलं.

कोथिंबीर विकणारी एक म्हातारी होती. तिला सगळी मंडई आजी म्हणायची. तिला लघवीचा त्रास सुरू झाला. सरकारी दवाखान्यातून आली ती सरळ आमच्या दुकानात येऊन टेकली आणि हसायला लागली.

"काय म्हणाले डॉक्टर, आजी?" बायकोनं विचारलं.

"पाणी पी म्हणलं. लई पी म्हणलं. पेते की माय! प्यायला सांगतंय दवाखाना, सोडायला जागा कोण देतंय?"

ती हसत होती, बायको हसली नाही. त्याच आठवड्यात ती आमच्या नगरसेवकाकडं गेली. त्यानं चहा पाजला आणि मंडई त्याच्या प्रभागाच्या हद्दीत नेमकी येते की नाही हे तपासून सांगतो म्हणाला. निवडून येताना ती त्याच्या हद्दीत आली होती.

पुढच्या निवडणुकीत आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला. एका सकाळी पक्षाचे शहराध्यक्ष दोन माणसं घेऊन घरी आले. पोहे खाता खाता म्हणाले, "सर, वहिनींचं नाव फायनल करून टाकलंय."

"तिला विचारलंत?"

"तुमची परवानगी असली की झालं."

"परवानगी मी फक्त विद्यार्थ्यांना देतो, तीसुद्धा वर्गाबाहेर जायची. ती आत आहे, विचारा."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "निवडून आले तर मंडईत बायकांची मुतारी होईल का?"

शहराध्यक्षांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "वहिनी, प्रसाधनगृह म्हणा."

"तुम्ही काहीबी म्हणा. होईल का?"

"होणार म्हणजे काय! पहिल्याच वर्षात."

ती निवडून आली. मंडईतल्या बायकांना मत त्यांच्या गावी, तिच्या प्रभागात नव्हे. पण त्यांच्याकडून भाजी घेणाऱ्या बायका प्रभागातल्या होत्या, आणि महिनाभर प्रत्येक जुडीबरोबर प्रचार फुकट जात होता.

पहिल्या वर्षात प्रसाधनगृह झालं नाही, भूमिपूजन झालं. मंडईच्या कोपऱ्यावर जुन्या जकात नाक्याची पडकी खोली होती, ती जागा ठरली. रिबन बांधलेली कुदळ आली, नारळ आला, काळ्या दगडाची कोनशिला आली. तिच्यावर मान्यवरांची नावं मानाप्रमाणं मोठ्यापासून लहान होत जाणाऱ्या अक्षरांत कोरली होती, आणि कशाचं भूमिपूजन हे सगळ्यात बारीक अक्षरांत तळाशी. पुढं तिथं तण माजलं. मग आयुक्त बदलले, नकाशात त्रुटी निघाली, नव्या नकाशाचं दुसरं भूमिपूजन झालं. कोनशिला तीच ठेवली, फक्त दोन नावं खरवडून तिथं दुसरी घातली, कारण मधल्या काळात दोघांनी पक्ष बदलला होता. आजीला त्या दगडाचा फायदा झाला. तो सावलीत असल्यानं गार राहायचा. ती त्याच्यावर ओल्या फडक्यात कोथिंबिरीच्या जुड्या मांडायची.

बायको दुसऱ्यांदा निवडून आली, आणि त्या मुदतीच्या शेवटच्या अडीच वर्षांसाठी महापौरपद महिलेसाठी राखीव निघालं. पक्षात दोन गट होते. दोघांकडं आपापली उमेदवार होती आणि दोघांनाही समोरच्याची सोडून कुणीही चाललं असतं. ती 'कुणीही' म्हणजे माझी बायको. 'निरुपद्रवी' हा शब्द शहराध्यक्षांनी माझ्यासमोर वापरला, तोही कौतुकानं. गादीवर बसवायला निरुपद्रवी माणूस शोधायचा आणि मग त्याला मत आहे हे कळल्यावर हबकून जायचं, हे मी वर्गात अनेक घराण्यांच्या संदर्भात शिकवलं होतं. घरात पाहीन असं वाटलं नव्हतं.

मग सत्कार सुरू झाले. आमच्याकडं माणूस निवडून आला, परीक्षेत पास झाला, बदलून आला किंवा बदलून गेला की त्याला शाल आणि नारळ देतात. त्या शालींना ऊब नसते, नारळांत पाणी नसतं आणि भाषणांत माणूस नसतो. आमच्या घरात शालींची थप्पी कपाटाएवढी झाली. बायकोनं एक शाल उलटी करून पाहिली, बोटांनी विणीचा अंदाज घेतला आणि म्हणाली, "अस्तराला चालतीत." त्या शालींच्या तिनं मंडईतल्या बायकांना बसायला जाड बस्करं शिवून दिली. पुढचं वर्षभर शहरातले झाडून सगळे सन्मान भेंडी-गवारीच्या मागं अंथरलेले दिसायचे. खोबऱ्याच्या चटणीबद्दल मी काही लिहीत नाही. ती आठवण अजून ताजी आहे.

तिच्या दालनात पहिल्या दिवशी मी गेलो तर तिच्या खुर्चीला खेटून दुसरी खुर्ची मांडलेली. तशीच गुबगुबीत, पाठीवर तसाच पांढरा टॉवेल.

"ही कुणाची?" मी शिपायाला विचारलं.

"तुमची, सर."

"माझी कशी? मी कोण?"

"आधीच्या मॅडमचे साहेब हितंच बसायचे. सह्या मॅडम करायच्या, बाकीचं साहेब बघायचे. रिवाज हाय."

बायको म्हणाली, "ती खुर्ची भिंतीला लावा. मंडईतनं कुणी आलं तर बसंल." मी त्या खुर्चीत एकदाही बसलो नाही. आजी बसली, दोनदा. दुसऱ्यांदा तिला झोप लागली.

रिवाज मोडला तरी लोक मोडत नव्हते. एक कंत्राटदार पेढे घेऊन घरी आला आणि बराच वेळ मलाच सांगत राहिला. "सर, तुम्ही फक्त मॅडमच्या कानावर घाला."

"त्या भाकरी करतायत. चार पावलांवर स्वयंपाकघर आहे. त्यांचा कान तिथंच आहे."

तो आत गेला नाही, तीच बाहेर आली. हात पिठाचे. त्यानं बांधलेली गटार पहिल्याच पावसात कशी काय फुटली, हे तिनं उभ्याउभ्या विचारलं. पेढे तो परत घेऊन गेला. माझ्या आयुष्यात घरातून पेढे परत गेल्याचं ते एकमेव उदाहरण, आणि ते चांगल्या दुकानातले होते.

आता दोन वस्तूंविषयी सांगायला हवं. एक झगा आणि दुसरा राजदंड.

झगा लाल मखमलीचा, सोनेरी काठांचा. सर्वसाधारण सभेत महापौरानं तो घालायचा असतो. आमच्या महापालिकेतला झगा पहिल्या महापौरांच्या मापाचा होता आणि ते गृहस्थ चांगले आडव्या अंगाचे होते. नंतरचे सगळे महापौर त्यात बुडून कारभार करत. बायकोनं तो घरी आणला, उसवला, खांद्यात घेतला, लांबी कमी केली आणि आतून एक खिसा लावला. "येवढा मोठा कपडा आन् खिसा न्हाई," ती म्हणाली, "किल्ल्या कुठं ठेवायच्या मग?"

राजदंड म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला लाकडी दांडा, वर कळसासारखं बोंड. सभा सुरू होताना फेटा बांधलेला शिपाई तो दोन्ही हातांत धरून आणतो आणि महापौरांसमोरच्या लाकडी घोडीवर आडवा ठेवतो. तो तिथं असला की सभा चालू, नसला की बंद, अशी समजूत. त्यामुळे विरोधकांना सभा बंद पाडायची असली की ते राजदंड पळवतात. आमच्याकडं हे इतक्यांदा झालं होतं की त्याला शिस्त आली होती. आधी घोषणा, मग समोरच्या मोकळ्या जागेत धाव, मग विरोधी पक्षनेता राजदंड उचलणार, फोटो होणार. शिपाई तेवढं त्यांच्या कानात सांगायचा, "सावकाश घ्या साहेब, वरचं बोंड ढिलं हाय." अर्ध्या तासानं राजदंड कॅन्टीनमधून परत यायचा.

सभेतली दुसरी पद्धत म्हणजे 'मंजूर'. नगरसचिव विषय वाचायला लागले की पहिल्या ओळीतच सगळे ओरडायचे, "मंजूर! मंजूर!" विषय कोणता हे ओरडणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळायचं. छापील विषयपत्रिका संपली की 'आयत्या वेळचे विषय' यायचे. ज्यांच्यावर चर्चा व्हायला नको असे विषय नेमके आयत्या वेळीच सुचतात.

बायकोनं अडीच वर्षांत प्रसाधनगृहाचा पाठपुरावा कसा केला ते लिहिलं तर हा लेख फायलींचा होईल. शेवटी ठराव झाला, निविदा झाली, एका धडपड्या तरुण ठेकेदाराला काम मिळालं. जकात नाक्याची खोली पाडली आणि जमिनीवर चुन्याच्या रेघा आखल्या. आजीनं त्या रेघांच्या आत पाऊल टाकून पाहिलं. "ह्यी एक, ह्यी दोन," ती मोजायला लागली आणि मग वळून बायकोला म्हणाली, "ताई, दाराला आतनं कडी बसवा बरं. बाकी काय न्हाई."

आणि त्याच आठवड्यात कमान आली.

जिल्ह्यातल्या मोठ्या नेत्यांच्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ मंडईच्या रस्त्यावर भव्य स्वागत कमान उभारायचं पक्षानं ठरवलं. आमच्या शहरात तुम्ही कुठूनही शिरा, कमान तुमचं स्वागत करते. पुढं रस्ता करेलच असं नाही. या कमानीचा एक खांब रस्त्याच्या पलीकडं, तालमीच्या भिंतीपाशी येत होता. दुसरा बरोबर चुन्याच्या रेघांवर.

शहराध्यक्ष घरी आले. या वेळी पोहे नव्हते, चहा होता.

"वहिनी, एकच तर खांब हाय."

"मग खांबच सरकवा."

"सरकवला तर कमान तिरपी दिसती. इंजिनिअर म्हणतोय."

"मुतारी सरकवली तर बायकांनी कुठं जायचं? हे कोण म्हणतंय का?"

"अहो, बघू ना दुसरीकडं जागा. साहेबांच्या वडिलांचा विषय हाय. भावनेचा प्रश्न हाय."

"दुसरा खांब तिकडं तालमीपाशी उभा राहायलाय न्हवं? तेवढाच ठिवा."

"एका खांबाची कमान असती का कुठं?"

"नसंल. मग ऱ्हाऊ द्या."

शहराध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. मी वर्तमानपत्राकडं पाहिलं. ते उठले आणि दारात चपला घालताना म्हणाले, "सर, समजावा. तिकिटाचा विचार करा. शेवटच्या सभेत आयत्या वेळी विषय येणार. त्यांनी फक्त बसायचंय. 'मंजूर' म्हणायला आम्ही हावोत."

तिच्या हातात तसं काहीच नव्हतं. बहुमत पक्षाचं, आणि पक्ष कमानीचा. मतदान झालं असतं तर तिचं एक मत पडलं असतं, तेही तिच्याच विरोधात वापरलं गेलं असतं. तिची एकच आशा होती, ती विरोधकांवर. ते राजदंड पळवतील, सभा उधळेल, महापालिकेची मुदत संपेल. पण सभेच्या आदल्या दिवशी कळलं की कमानीवरची रोषणाई विरोधी पक्षनेत्यांच्या पुतण्याला मिळाली आहे. लोकशाहीत विरोधकांनाही प्रकाशात राहायचा हक्क असतो.

त्या दुपारी तिनं दोघांची ताटं वाढली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही कायद्याचं पुस्तक वाचलंय न्हवं. राजदंड न्हाई तर सभा चालत न्हाई, हे कुठं लिहिलंय?"

मी खरंच वाचलं होतं. नवऱ्याला कारभार करायचा नसेल तर निदान वाचन करावं. "कुठंच नाही," मी म्हणालो. "दांड्याचा उल्लेखच नाही त्यात. तू उठून गेलीस तर उपमहापौर खुर्चीवर बसून सभा पुढं चालवू शकतात."

"हे त्यांना ठावं हाय का?"

"पुस्तक उघडलं असेल तर."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "मग न्हाई ठावं," ती म्हणाली आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसलो. खाली सभागृह भरलेलं. शेवटची सभा म्हणून सगळे इस्त्रीत, निरोपाच्या फोटोच्या तयारीत. छापील विषय चहाच्या आत संपले. मग नगरसचिवांनी एक सुटा कागद काढला, घसा साफ केला आणि वाचलं, "आयत्या वेळचा विषय. मंडई रस्त्यावर भव्य स्वागत..."

"मंजूर! मंजूर!" सत्ताधारी बाकांवरून आवाज उठला. विरोधी पक्षनेते मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. त्यांच्या मागचे लोक नेत्याकडं बघत होते, आणि नेता पुतण्याचं भवितव्य बघत होता.

बायको उठली. महापौर उठले की सगळ्यांनी गप्प बसायचं असतं, म्हणून सगळे गप्प बसले.

"विरोधी पक्षनेते," ती म्हणाली, "आज राजदंड उचलणार न्हाई का?"

हशा पिकला. तेही हसले. "आज नको, मॅडम. आज शेवटचा दिस, गोडीनं जाऊ."

"म्हंजी कुणीच उचलणार न्हाई?"

पुन्हा हशा.

"मग मीच घेऊन जाते," ती म्हणाली, पुढं झाली आणि तिनं राजदंड उचलला.

हसणं लगेच थांबलं नाही. पुष्कळांना तो विनोदाचाच पुढचा भाग वाटला. ती पायऱ्या उतरून, मधल्या वाटेनं, लाल झगा सावरत दारापर्यंत पोचली तेव्हा कुठं कुणीतरी ओरडलं, "अहो, मॅडम चालल्या!" मागून शिपाई फेटा धरत पळाला. "मॅडम! मॅडम, त्यो माझ्या जिम्म्यात हाय!"

"मग चल की संगं," ती न थांबता म्हणाली.

"कुठं चाललाव पण?"

"मंडईत."

"सावकाश धरा मग. बोंड ढिलं हाय."

मी गॅलरीतच थांबलो. मला पाहायचं होतं, पुस्तक कुणी उघडतं का. खाली नुसता कल्ला. शहराध्यक्ष पाहुण्यांच्या दारातून आत आले होते, नियमानं त्यांना तिथं यायचा हक्क नसताना. ते उपमहापौरांना खुणा करत होते, बसा, खुर्चीवर बसा. उपमहापौर खुर्चीपर्यंत गेले, समोरच्या मोकळ्या घोडीकडं पाहिलं आणि थबकले. "राजदंडाशिवाय कसं बसू?" ते म्हणाले. "उद्या कुणी कोर्टात गेलं तर?" विरोधी पक्षनेते ताडकन उठले आणि त्यांनीच मुद्दा मांडला की राजदंडाविना चाललेली सभा बेकायदेशीर ठरते. आयुष्यभर याच जोरावर त्यांनी सभा बंद पाडल्या होत्या. आज उलटं कसं म्हणणार? ज्यांनी तो दांडा वर्षानुवर्षं पळवला त्या सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास बसला होता. नगरसचिवांच्या टेबलावर कायद्याचं जाड पुस्तक होतं, आणि त्याच्यावर त्यांचा चहा.

मी उठलो आणि मंडईत गेलो.

ती कोनशिलेजवळ उभी होती. बसणार होती, पण आजीनं बसू दिलं नव्हतं. "ताई, दगडावर बसू नगा, कोथिंबीर हाय." मग तिला सत्काराच्या शालीचं एक बस्कर मिळालं. ती झग्यासकट त्याच्यावर बसली. शेजारी शिपाई राजदंड घेऊन ताठ उभा, कारण कुठंही उभं राहिलं तरी तसंच उभं राहायचं असतं. बायका गोळा झाल्या. काय झालं ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं.

"म्हंजी कमान न्हाई होणार?" एकीनं विचारलं.

"आज तर न्हाई झाली."

"आन् मुतारी?"

"तिचा ठराव झालेलाय. तो कुणी मोडला न्हाई."

आजीनं शिपायाच्या हातातल्या दांड्याकडं निरखून पाहिलं. "चांदीचं हाय का रं हे?"

"मुलामा हाय, आजी."

"तरीच," ती म्हणाली. "ताई, जरा अलीकडं सरका. गिऱ्हाईक आडायलंय."

सभा तहकूब झाली. दुसरी बोलवायच्या आत मुदत संपली आणि प्रशासक आले. कमान प्रशासकाच्या सहीनंही झाली असती, पण मोठ्या नेत्यांना वडिलांची कमान सभागृहाच्या एकमुखी ठरावानं हवी होती. अधिकाऱ्याच्या एका सहीनं मिळालेली कमान त्यांना हलकी वाटली. ती बारगळली. पक्षानं बायकोला नोटीस पाठवली, राजदंडाचा अवमान केल्याबद्दल. ती वाचून तिनं मला विचारलं, "ह्याच्यात मुतारीचं काही न्हाई?" नव्हतं. तिनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला शटर उघडलं. दुकान तिनं कधी बंद केलंच नव्हतं.

प्रसाधनगृह हळूहळू उभं राहिलं. भिंती, फरशी, टाकी, नळ. दारांना आतून कड्या. आणि सगळं झाल्यावर बाहेरच्या दाराला मोठं कुलूप, कारण उद्घाटन व्हायचं होतं. उद्घाटन कुणाच्या शुभहस्ते हे ठरत नव्हतं. मग निवडणूक लागली, आचारसंहिता आली. बायका कुलपासमोर भाजी मांडून बसायच्या. पाणी अजून पीत नव्हत्या.

पक्षानं तिकीट दिलं नाही. ती अपक्ष उभी राहिली. निवडणूक चिन्हांच्या यादीत शिलाई मशीन होतं, ते तिला मिळालं. ती पडली. निकालाच्या संध्याकाळी जिंकलेल्यांचा गुलाल आमच्या दुकानाच्या शटरवरही उडाला. शहराध्यक्ष भेटले तर मला म्हणाले, "सर, तेव्हा ऐकलं असतं तर आज पुन्हा..." मी म्हणालो, "हो, पुन्हा खोबऱ्याची चटणी." त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंडईत गेली, कुणाकडून कसलंही मत मागायचं उरलेलं नसताना. मी बरोबर होतो. तिनं आजीच्या तराजूतलं मोठं लोखंडी वजन मागितलं. आजीनं दिलं नाही. "सरा ताई, तुमचा हात शिलाईचा," म्हणून ती स्वतः उठली आणि कुलपावर घाव घातले. तिसऱ्या की चौथ्या घावाला कडीच निखळली.

स्वच्छता निरीक्षक धावत आला. "मॅडम, हे बेकायदेशीर हाय. उद्घाटन व्हायचंय अजून."

"मी आता मॅडम न्हाई. टेलर हाय. तुमचं उद्घाटन खुशाल करा, आम्ही अडवलंय का?"

त्यानं नवं कुलूप लावलं. बायकांनी ते तोडलं. त्यानं आणखी एक लावलं. तेही तोडलं. मग त्यानं कुलपांचा नाद सोडला आणि फिनेल पाठवायला सुरुवात केली. माणूस वाईट नव्हता.

उद्घाटन झालंच. नव्या महापौरांच्या उपस्थितीत, मोठ्या नेत्यांच्या शुभहस्ते. मांडव पडला, जुन्या कोनशिलेच्या जागी नवी आली, संगमरवरी. आम्हाला निमंत्रण नव्हतं, पण आमचं दुकान समोरच आहे. ती मशीनवर होती, मी पायरीवर. बँड थांबला, निवेदकानं नेत्यांच्या वडिलांचं स्मरण केलं, तबकातून कात्री आली. दाराला आडवी लाल रिबन बांधलेली. नेत्यांनी कात्री उचलली, फोटोवाले खाली बसले, आणि दार आतून उघडलं.

आजी पदराला हात पुसत बाहेर आली. समोर रिबन, नेते, महापौर, कॅमेरे. तिनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि रिबनखालून वाकून बाहेर आली.

"थांबा जरा, साहेब," ती म्हणाली. "आत दोघी हायत अजून."

नेते कात्री धरून थांबले. सगळेच थांबले. आतून नळाचा आवाज येत होता.

"थांबले का?" बायकोनं मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"थांबलेत."

"थांबू द्या," ती म्हणाली, आणि पॅडल मारलं.